थैल्यांतले डॉलर आणि चांदीवर चढलेले रंग

चांदीच्या जुन्या नाण्यावर कालांतराने फिकट पिवळा, तांबूस, निळा किंवा थेट काळा असा जो थर चढतो त्याला नाणेसंग्राहक टोनिंग म्हणतात. हा थर बाहेरून बसलेला मळ नसून नाण्याच्या पृष्ठभागावरील चांदीचा हवेतील गंधकाशी संयोग होऊन तयार झालेला रौप्य सल्फाइड हा पदार्थ असतो. नाणे कोठे, कशाला टेकून, किती काळ आणि किती दमट हवेत पडून होते यावर त्याचा रंग ठरत असल्यामुळे टोनिंगचा इतिहास हा धातूपेक्षाही साठवणुकीचा इतिहास ठरतो, आणि अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरइतके त्याचे ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

२८ फेब्रुवारी १८७८ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष हेज यांचा नकाराधिकार डावलून ब्लँड-ॲलिसन कायदा संमत केला आणि सरकारी खजिन्याने दरमहा २० ते ४० लाख डॉलर किमतीची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडलेच पाहिजेत असे बंधन घातले. नेवाडातील खाणींतून चांदीचा लोंढा येत असताना तिचा भाव कोसळत होता. खाणमालकांना हक्काचे गिऱ्हाईक हवे होते आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना चलन मुबलक हवे होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले नाणे-कोरक जॉर्ज मॉर्गन यांनी रेखाटलेला हा डॉलर २६.७३ ग्रॅम वजनाचा असून त्यात ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे होते. एवढे जड नाणे खिशात बाळगण्यापेक्षा त्याच्या मोबदल्यात मिळणारी रौप्य प्रमाणपत्रे, म्हणजे चांदीच्या तारणावर काढलेल्या नोटा, लोकांना सोयीच्या वाटल्या, आणि म्हणून कोट्यवधी डॉलर टांकसाळीतून निघाले ते एक-एक हजारांच्या कापडी थैल्यांत बांधले जाऊन तळघरांत जाऊन पडले. बाजारात कुणालाही नको असलेले हे चलन केवळ कायद्याच्या हुकमाने पाडले गेले होते, आणि पुढे ज्या रंगांसाठी संग्राहक मोठी किंमत मोजू लागले ते रंग याच अडगळीत जन्मले.

थैलीच्या जाड कापडात गंधकाची संयुगे असत आणि तळघरात थोडाफार ओलावा असे. कापडाला टेकलेल्या नाण्याची एक बाजू त्यामुळे हळूहळू रंगत जाई, तर शेजारच्या नाण्याला चिकटलेली दुसरी बाजू टांकसाळीतून आली तेव्हाइतकीच शुभ्र राही. जेथे दुसरे नाणे अर्धवट आड येई तेथे रंगाची सीमा चंद्रकोरीसारखी वळे, आणि काही नाण्यांवर कापडाच्या विणीचा ठसाही उमटे. हे रंग रंगद्रव्याचे नाहीत, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. सल्फाइडचा थर नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागाच्या, काही दहापटी इतकाच जाड असतो. त्याच्या वरच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळताना काही रंग विझतात व काही उजळतात, जसे पावसाने ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसते. थर जसजसा जाड होतो तसतसे रंग ठरलेल्या क्रमानेच येतात: आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस, किरमिजी, जांभळा व निळा, आणि त्यानंतर पुन्हा पिवळा व किरमिजी येऊन हिरवा; थर फार वाढला की सर्व रंग बुडून नाणे काळे पडते.

या तळघरांतील साठ्याचा मोठा भाग आज अस्तित्वात नाही, आणि त्याचे कारण हिंदुस्थानाशी जोडलेले आहे. पहिल्या महायुद्धात येथील माल व धान्य खरेदी करण्यासाठी ब्रिटिश सरकारला रुपयांची प्रचंड गरज पडली, चांदी मिळेनाशी झाली आणि नोटेच्या बदल्यात रोख रुपया देण्याचे सरकारचे वचन मोडते की काय अशी वेळ आली. २३ एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकण्यात आली, आणि मुंबई व कोलकाता येथील टांकसाळींत तिचे रुपये झाले. कोणत्या वर्षाची आणि कोणत्या टांकसाळीची नाणी भट्टीत गेली याची नोंद ठेवली गेली नाही, त्यामुळे पाडलेल्या नाण्यांच्या आकड्यांवरून उरलेल्यांचा अंदाज बांधता येत नाही.

उरलेल्या थैल्या नोव्हेंबर १९६२ पासून मोठ्या प्रमाणावर बाहेर आल्या आणि न्यू ऑर्लीन्सचा १९०३ चा डॉलर, जो तोवर दुर्मीळांत गणला जात होता, एकाएकी स्वस्त झाला. मार्च १९६४ मध्ये खजिन्याने डॉलर देणे थांबवले, आणि मागे राहिलेली, मुख्यतः कार्सन सिटी टांकसाळीची, जवळजवळ ३० लाख नाणी १९७२ ते १९८० या काळात सरकारने टपालाने विकली. त्या पिढीच्या अनेक अमेरिकी संग्राहकांना नाणे पांढरे लखलखीतच हवे असे. त्यासाठी थायोयुरिया व आम्ल यांच्या द्रावणात नाणे बुडवून काढण्याचा प्रघात होता, पण सल्फाइडबरोबर चांदीचाही सूक्ष्म थर त्यात निघून जातो, आणि ठशाच्या दाबाखाली धातू वाहताना ज्या बारीक रेषा उमटतात, ज्यांमुळे नव्या नाण्यावर प्रकाश फिरताना दिसतो, त्या झिजतात. किती सुंदर नाणी या हौसेपायी कायमची निस्तेज झाली असतील याचा विचारही क्लेशदायक आहे.

पुढे अभिरुची उलटली, इंद्रधनुषी डॉलरला साध्या डॉलरच्या कितीतरी पट भाव येऊ लागला, आणि त्याबरोबर कृत्रिम टोनिंगचा धंदाही वाढला. पोटॅशियम सल्फाइडच्या द्रावणाने, गंधकाच्या वाफेने किंवा गंधकयुक्त कागदात गुंडाळून उष्णता दिल्याने जो थर वर्षानुवर्षांत येतो तो तासाभरात आणता येतो. नाणे घासले गेले आहे हे लपवण्यासाठीही असा थर चढवला जातो. १९८६ व १९८७ मध्ये नाण्यांची प्रत ठरवून ती प्लास्टिकच्या बंद डबीत सीलबंद करणाऱ्या दोन अमेरिकी संस्था निघाल्यावर संशयास्पद रंग हा नाणे नाकारण्याचा एक मान्य निकष झाला. नैसर्गिक थरात रंग क्रमाने एकमेकांत मिसळतात, नाण्याच्या उठावदार अक्षरांभोवती अनेकदा फिकट कड राहते आणि खालची झळाळी थरातून दिसत राहते; घाईने आणलेल्या थरात क्रमातील रंग गळतात, उठाव आणि सपाटी सारखीच रंगते किंवा द्रावण खोलगट जागी साचल्याचे दिसते. तरीही रसायन दोन्हीकडे एकच असल्यामुळे फरक पदार्थात नसून काळात व हेतूत आहे, आणि म्हणून निवाडा अखेर अनुभवी डोळ्यालाच करावा लागतो. उदाहरणार्थ, १९३० च्या दशकात विकल्या गेलेल्या पुठ्ठ्याच्या संग्रहवह्यांत ठेवलेली नाणी कडेकडून आत वर्तुळाकार रंगली. तेथे गंधक पुठ्ठ्यातलेच होते, पण रंगवण्याचा उद्देश नव्हता, म्हणून तो रंग नैसर्गिक मानला जातो.

महाराष्ट्रातील घरांत जे जुने रुपये लक्ष्मीपूजनासाठी जपून ठेवले आहेत त्यांतील १९४० पूर्वीच्या रुपयांत बारापैकी अकरा भाग चांदी असते, आणि १९१८ नंतरच्या रुपयांपैकी काहींत ते वितळलेले डॉलरही असू शकतात. दर दिवाळीला चिंच, राख किंवा रांगोळीने घासून ते उजळवण्याची रीत भक्तिभावाची असली, तरी प्रत्येक घासणीत पृष्ठभागावर बारीक चरे पडतात आणि त्याखालची मूळ झळाळी कोणत्याही उपायाने परत येत नाही. पूजेपुरते स्वच्छ पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून, नंतर गंधकरहित कागदात कोरड्या जागी ठेवल्यास नाण्याला त्याचा स्वतःचा रंग सावकाश चढत राहतो.