तळटीप १४ : स्कीजोरिंग

१४. स्कीजोरिंग : पायांत स्की घालून बर्फावर उभ्या राहिलेल्या माणसाला घोड्याने ओढत नेण्याचा खेळ. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या गोठलेल्या तळ्यावर १९०७पासून याच्या शर्यती होतात. १९२८च्या तिथल्याच हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिक खेळ होता. तिथे घोड्यावर स्वार नसतो, लांब लगाम मागच्या माणसाच्याच हाती असतात. हे ध्यानात घेतल्याशिवाय वरचा पडझडीचा प्रसंग कळणार नाही. निवेदक उत्रोलीचा (ता. भोर), म्हणून त्याला बैलगाडा आठवतो. साम्य बेताचेच: खेड-जुन्नरकडच्या घाटांत घोडी स्वारासह बैलांच्या पुढे धावते. ‘बंदी’ म्हणजे बैलगाडा शर्यतींवरची, सर्वोच्च न्यायालयाची मे २०१४ची. डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली.