गुदद्वाराभोवतीचा हर्पिस
हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे, विशेषतः त्याच्या प्रकार २ मुळे, गुदद्वाराभोवतीच्या त्वचेला होणारा संसर्ग. पहिल्या संसर्गानंतर हा विषाणू त्रिकास्थीजवळच्या चेतागुच्छिकांत सुप्तावस्थेत राहतो व अधूनमधून पुन्हा सक्रिय होतो. निरोगी व्यक्तीत पुटकुळ्या फुटून झालेले वेदनादायक व्रण काही आठवड्यांत भरून येतात. एड्स, रक्ताचा कर्करोग किंवा अवयव प्रतिरोपणानंतरची औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेली असल्यास मात्र ते पसरतात, खोल जातात व महिनोन्‌महिने टिकतात. न्यूयॉर्कमधील अशा रुग्णांचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले वर्णन एड्सच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक होय. एचआयव्हीबाधित व्यक्तीत महिन्याहून अधिक काळ टिकणारा हर्पिस-व्रण एड्सनिदर्शक मानतात. क्वचित व्रणाऐवजी गाठीसारखी वाढ होऊन कर्करोगाचा भास होतो.

सायटोमेगॅलोव्हायरस व सिफिलिस यांमुळेही या भागात व्रण होतात. म्हणून व्रणातील स्रावाची पीसीआर चाचणी व गरजेनुसार ऊतक परीक्षा करतात. उपचारासाठी असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर देतात. विषाणूच्या थायमिडीन कायनेज या एंझाइमात उत्परिवर्तन झाल्यास ही औषधे निष्प्रभ ठरतात. अशा वेळी फॉस्कार्नेट शिरेतून देतात. त्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकत असल्याने नियमित रक्ततपासणी आवश्यक असते. एचआयव्हीबाधितांत प्रतिरेट्रोव्हायरल उपचारांनी प्रतिकारशक्ती सावरल्यावर पुनरुद्‌भव सहसा सौम्य होतात.