क्ष-किरणांचे माप

१८९५ मध्ये राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. पुढे प्रश्न उरला तो त्यांच्या मोजमापाचा. आम्हां इंदूरकरांना तो परका नाही. १९८४ मध्ये येथे प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली आणि कालांतराने तेथे लेसरने तापविलेल्या प्लाझ्माचा अभ्यास होऊ लागला. हा प्लाझ्मा क्षणार्धात विरतो. मागे उरतात केवळ कॅमेऱ्यातील आकडे. त्यांचे मोल ठरविण्यास ज्ञात मानक लागते. लोह-५५ पासून निघणारा ५.९ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक प्रकाशकण कॅमेऱ्याच्या सिलिकॉनमध्ये सुमारे १,६०० इलेक्ट्रॉन मोकळे करतो. मात्र या स्रोताचे तेज २.७ वर्षांत निम्मे होते. म्हणून किरणसंख्या मोजताना तारखेचा हिशेब ठेवावाच लागतो. तो चुकला तर प्लाझ्मातून आलेल्या किरणांची संख्याही चुकते. मापाविना चित्र हे केवळ चित्रच राहते, पुरावा होत नाही.