चार आद्याक्षरांमागची जात

जुन्या इंग्रजी व्युत्पत्तिकोशांत ‘ए. एस.’ ही अक्षरे निरुपद्रवी असतात. शब्दाचे मूळ अँग्लो-सॅक्सन आहे, एवढेच ती सांगतात. अमेरिकेत मात्र ती ‘वास्प’ या संक्षेपात शिरली आणि सत्तेची खूण बनली. व्हाइट, अँग्लो-सॅक्सन, प्रॉटेस्टंट यांची ही आद्याक्षरे. ‘वास्प’ म्हणजे गांधीलमाशी. तो डंखही त्यात आहेच.

इतिहास पाहिला तर या नावाचा रक्ताभिमान पोकळ ठरतो. अँगल व सॅक्सन टोळ्या पाचव्या शतकात ब्रिटनमध्ये आल्या आणि १०६६ मध्ये नॉर्मनांनी त्यांचे राज्य जिंकले. म्हणजे जेत्यांनी पुढे मिरवलेले बिरुद मूळचे जितांचे! एकोणिसाव्या शतकात साम्राज्याने त्याला वंशश्रेष्ठत्वाचा मुलामा दिला. १९१६ मध्ये मॅडिसन ग्रँट या न्यूयॉर्कच्या वकिलाचे ‘नॉर्डिक’ वंशाची महती सांगणारे पुस्तक निघाले आणि १९२४ च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपीयांसाठी अमेरिकेचे दार जवळजवळ लोटून घेतले.

त्याच १९१६ साली, त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातींवरील निबंध वाचला. युरोपीय अभ्यासक स्वतः वर्णद्वेषाने ग्रासलेले असल्यामुळे त्यांना जातीतही रंगच दिसतो, हे त्यांनी त्यात बजावले. जातीचे मर्म त्यांना रक्तात नव्हे, तर अंतर्विवाहाने स्वतःला कोंडून घेणाऱ्या वर्गात सापडले.

‘वास्प’ हा संक्षेप १९४८ मध्ये हार्लेमच्या ‘न्यूयॉर्क ॲमस्टरडॅम न्यूज’ या काळ्यांच्या साप्ताहिकात छापलेला आढळतो. लिहिणारा स्टेट्सन केनेडी दक्षिणेतला गोराच, पण कू क्लक्स क्लॅनचा हाडवैरी. १९६४ मध्ये डिग्बी बाल्टझेलने ‘द प्रॉटेस्टंट एस्टॅब्लिशमेंट’ या ग्रंथाने तो रूढ केला. ज्यूंना व इतर कर्तबगारांना दारे बंद करून हा वर्ग अभिजन न राहता जात बनला, असे तो सांगतो. उपशीर्षकात ‘कास्ट’ हाच शब्द आहे. वापरही तेच दाखवतो. डच वंशाचे रूझवेल्ट घराणे ‘वास्प’ गणले जाते, दक्षिणेतला दरिद्री गोरा प्रॉटेस्टंट बहुधा नाही. प्रश्न रक्ताचा नाही, दाराचा आहे.

आपल्याकडे १९३५ च्या कायद्यानंतर ‘एस. सी.’ ही आद्याक्षरे दप्तरात आली. त्या अक्षरांत हक्क आहे. पण ओळख पटवावी लागते ती खालच्यालाच. वरचा तेवढा बिनविशेषणाचा: त्याचे ते ‘साहित्य’, आमचे ते ‘दलित साहित्य’. निनावी राहणे हीच प्रस्थापितांची मोठी सत्ता असते. ‘वास्प’ने तिला नाव दिले, आणि नाव मिळालेल्या सत्तेला जाब विचारता येतो.