मिटवलेली नोंद, उरलेला मजकूर

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा ‘पीसी एक्सटी’ १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह बाजारात आला. एकाच डिस्कवर एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात, म्हणून तिच्या पहिल्याच ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये विभागांचा तक्ता ठेवला गेला: चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट.

जुनी सिस्टिम हटवताना ‘एफडिस्क’ने विभाग काढला, तरी पुसली जाते ती केवळ ही नोंद. तलासरी तालुक्यातल्या उधव्यातील एखाद्या शेताच्या सातबाऱ्यावर फेरफाराने जुन्या खातेदाराचे नाव कंसात गेले, तरी बांध आणि माती जागेवरच राहतात, तसेच हे. (कंसातले नाव निदान वाचता तरी येते.)

या गैरसमजाची किंमत २००३ मध्ये उघड झाली. एमआयटीतील सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी वापरलेल्या १५८ डिस्क विकत घेऊन तपासल्या. चालू निघालेल्या १२९ पैकी अवघ्या १२ डिस्कवर प्रत्येक सेक्टर शून्यांनी भरून मजकूर खरोखर नष्ट केलेला होता. उरलेल्यांतून ५,००० हून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक मिळाले. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली असावी. तिच्यावर वर्षभराचे व्यवहार शाबूत होते.