कंपायलर आणि ‘तेच’ उत्तर

आज कंपायलरचा इतिहास पाहू. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं, असं कुणी विचारेल. तर दोन गोष्टी ‘त्याच’ आहेत असं आपण कधी म्हणतो, हा आमचा फार जुना प्रश्न. तो इथे रोजच्या व्यवहारात येऊन उभा राहतो.

१९५४ मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रानचं काम हाती घेतलं. यंत्राने केलेलं भाषांतर हाताने लिहिलेल्या प्रोग्रामच्या निम्म्याच वेगाने चाललं, तर ते कुणी स्वीकारणार नाही, ही बॅकस यांची धास्ती होती. म्हणून १९५७ मध्ये ‘आयबीएम ७०४’साठी आलेला कंपायलर पहिल्यापासूनच ऑप्टिमायझिंग होता. शब्दाला शब्द न ठेवता, अर्थ राखून काम कमी करणारा.

त्याच वर्षी फ्रान्सेस ॲलन आयबीएममध्ये आल्या. पुढे १९७१ मध्ये त्यांनी आणि जॉन कॉक यांनी अशा युक्त्यांची सूचीच केली. फेरीत तेच गणित पुन्हा पुन्हा होत असेल, तर ते बाहेर काढून एकदाच करा. ज्याचं उत्तर कुणी वापरत नाही, ते गाळा. पण कुठलीही युक्ती केव्हा चालते, हे आधी तपासावं लागतं. २००६ चा ट्युरिंग पुरस्कार ॲलन यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

१९७६ मध्ये लॉस अलामोसला ‘क्रे-१’ हा महासंगणक आला. त्याची रीत पंगतीसारखी. एकाच्या पानात सगळं वाढून मग दुसऱ्याकडे जायचं नाही. भात घेतला की ओळीने सगळ्यांना भात. पण प्रत्येक काम असं होत नाही. चक्रवाढ व्याज घ्या. यंदाची रक्कम कळल्याशिवाय पुढच्या वर्षीचं व्याज काढता येत नाही. कुठलं गणित पंगतीचं आणि कुठलं व्याजाचं, हे कंपायलरला ओळखता यावं, म्हणून इलिनॉयमध्ये डेव्हिड कुक आणि राइस विद्यापीठात केन केनेडी यांच्या गटांनी पद्धती घडवल्या.

इथवर ‘अर्थ तोच, वेग जास्त’ हे वचन टिकलं. अडचण आली साध्या बेरजेत. लांबलचक बेरीज झटपट करायची तर तिचे चार तुकडे करून शेवटी एकत्र करायचे. शाळेत आपण शिकलो की बेरजेत क्रमाने फरक पडत नाही. यंत्रात पडतो, कारण तिथे अंकांना जागा मोजकी. एकावर सतरा शून्यं अशी संख्या घ्या, तिच्यात १ मिळवा, मग तीच संख्या वजा करा. उत्तर येतं ०. आधी वजाबाकी केली, तर १! म्हणून क्रम बदलण्याची मुभा हा वेगळा पर्याय असतो. काही कंपायलर तो मागितल्याशिवाय वापरत नाहीत, काही न मागताच वापरतात.

एवढ्याशा फरकाने काय होतं? १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेंझ यांनी हवामानाच्या गणितात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं. काही काळाने यंत्रातलं हवामान पार वेगळं झालं. आता पुण्यात या. उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक सुरू झाला. मोसमी पावसाची तिथली प्रारूपं मुख्यतः फोरट्रानमध्येच लिहिलेली. कंपायलर किंवा त्याचे पर्याय बदलले, तर एखाद्या दूरच्या दिवसाचा पाऊस वेगळा येऊ शकतो. त्याने बिघडत नाही. मात्र हंगामाची सरासरीच सरकली, तर प्रश्न गंभीर आहे.

म्हणून जाणकार आधी सावध पर्याय लावून उत्तर काढतात आणि जपून ठेवतात. मग वेग वाढवतात, ताडून पाहतात, आणि कंपायलरची आवृत्ती व पर्याय उत्तराबरोबर नोंदवतात. किती फरक चालेल, हे मात्र आधी ठरवावं लागतं. ते कंपायलर ठरवू शकत नाही. ज्याला पाऊस कळतो, त्यानेच ते ठरवायचं. ही जबाबदारी दुभाष्यावर ढकलता येत नाही.

प्रश्न जरूर विचारा.