घाटवाट आणि वखार : पुनर्रचनेसंबंधी काही विचार

राधानगरीहून दाजीपूरकडे जाणारा रस्ता भोगावतीच्या जलाशयालगत दाट रानात शिरतो आणि फोंडा घाटाने कोकणात उतरतो. माथ्यावर शिवगडाचा छोटा किल्ला आहे; पायथ्याशी फोंडा हे गाव, आणि तेथून पुढे कणकवली व खारेपाटण. संस्थानच्या विलीनीकरणापर्यंत, म्हणजे १९४९ पर्यंत, घाटाच्या वर कोल्हापूरचा अंमल होता आणि खाली रत्नागिरी जिल्हा. सीमेवरील व्यापारी ठाण्याचा इतिहास ज्यास अभ्यासावयाचा आहे, त्याने बंदरापासून आरंभ करण्यापेक्षा ह्या माथ्यापासून करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

ह्याचे कारण असे की, पेठ कोठे बसते हे बहुधा रस्ताच ठरवितो. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या कन्या राधाबाई ह्यांचे नाव राधानगरीस दिले आणि १९०९ मध्ये भोगावतीवरील धरणाचे काम हाती घेतले. त्याच राजाने १८९५ मध्ये रेल्वे स्टेशनानजीक शाहूपुरी आणि १९१७ मध्ये जयसिंगपूर अशा पेठा वसविल्या. आगगाडी असो वा घाट, माल जेथे वाहन बदलतो, वा विश्रांती घेतो, तेथे दुकान उभे राहते आणि दुकानाच्या मागोमाग जकातदार येतो. हे शहाणपण विसाव्या शतकाचे नव्हे. खारेपाटण येथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ च्या ताम्रपटात परदेशांहून येणाऱ्या गलबतांवरील सुवर्णकराचे उत्पन्न देवस्थानास लावून दिल्याचा उल्लेख आहे. त्या करास पात्र होणारा माल खाडीच्या काठावर पिकत नव्हता, हे वेगळे सांगावयास नको.

सीमेवरील ठाणी पुन्हा उभारून दाखविण्याची पद्धती अलीकडे जगात पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. अमेरिकेत आर्कान्सा नदीच्या काठी बेंट बंधूंचे मातीच्या विटांचे ठाणे १८३३ च्या सुमारास उभे राहिले. त्या काळी ती नदी म्हणजेच अमेरिका व मेक्सिको ह्यांमधील सरहद्द होती. १८४९ मध्ये ते उजाड झाले. एबर्ट नावाचा लष्करी अधिकारी १८४६ मध्ये तेथे आजारी पडून राहिला असता त्याने इमारतीची मापे व चित्रे घेऊन ठेविली होती. ती आणि उत्खनन ह्यांच्या आधारे १९७६ मध्ये ठाणे पुन्हा बांधण्यात आले. एका माणसाच्या आजारपणाने एका वास्तूस पुनर्जन्म दिला, असे म्हणावयास हरकत नाही. जपानमध्ये नागासाकीजवळील देजिमा बेटावर डच कंपनी १६४१ पासून व्यापार करीत होती. तेथील घरेही नगरपालिकेने टप्प्याटप्प्याने उभारली आहेत. त्याच डच कंपनीने वेंगुर्ले येथे १६३७ मध्ये स्थापिलेली वखार मात्र दीर्घकाळ भग्नावस्थेत राहिली. ही तुलना खेदजनक खरी. तथापि खेदाच्या भरात घाईने भिंती उभारणे हा तिच्यावरील उपाय नव्हे.

भिंती पुरेशा का नाहीत, हे राजापूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अर्जुना नदीच्या मुखापासून बरेच आत वसलेल्या ह्या बंदरात इंग्रजांनी १६४९ मध्ये, आदिलशाही अमलात, व्यापार सुरू केला. मिरी, वेलदोडे, कापड हा माल देशावरून घाटांनी खाली येई. राजापूरची स्वतःची चढण अणस्कुरा घाटाची. फोंडा घाट खारेपाटणकडील वाहतुकीचा. अफझलखानाच्या वधानंतर मराठी फौजा कोकणात उतरल्या, तेव्हा खानाच्या गलबतांवरून तंटा उपस्थित झाला आणि १६६० च्या आरंभी फिलिप गिफर्ड ह्या इंग्रजास पकडून खारेपाटणास ठेवण्यात आले. पुढे त्याची सुटका झाली. पण त्याच वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन सहकाऱ्यांसह तोफ व दारूगोळा घेऊन घाट चढून गेला आणि इंग्रजी निशाण लावून त्याने गडावर मारा केला. मार्च १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर लुटले, वखार फोडली आणि इंग्रजांस कैद केले. त्यांतील अखेरचे कैदी १६६३ मध्ये सुटले.

ह्या कैद्यांनी सुरतेस तक्रारी लिहिल्या, तेव्हा सुरतेच्या वरिष्ठांनी दिलेले उत्तर लक्षणीय आहे. कंपनीच्या मालाचे रक्षण करताना नव्हे, तर पन्हाळ्याच्या वेढ्यात भाग घेतल्यामुळे तुम्हांवर हा प्रसंग आला, असे त्यांनी आपल्याच माणसांस सुनावले. वखारीचे भवितव्य वखारीत ठरले नाही; ते घाटमाथ्यापलीकडे, कोल्हापूरच्या परिसरात ठरले. ज्या पुनर्रचनेत दार, कोठार, तराजू आणि निशाणाची काठी आहे, परंतु पन्हाळा नाही, ती पाहून निघालेल्या प्रेक्षकास १६६१ चा प्रकार निव्वळ लूटमार वाटेल. ती चूक प्रेक्षकाची म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण साधनांची. राजापूरच्या वखारीविषयी जे लिहावयाचे ते मुख्यत्वे इंग्रजी पत्रव्यवहारावरून. पत्रलेखकास स्वतःची देणी-घेणी, दलालाचे वर्तन आणि सुभेदाराची मर्जी ह्यांची चिंता होती. बैलांच्या पाठीवर गोणी लादून पावसाळ्यापूर्वी घाट उतरणारा मनुष्य त्याच्या हिशेबात केवळ वाहतुकीचा खर्च म्हणून येतो. त्याची बाजू पत्रांत नसली तरी जमिनीवर थोडीफार उरली आहे. घाटांतील फरसबंदी, पाण्याची टाकी, चौकीच्या जागा, माथ्यावरील किल्ले ह्यांची मोजणी वखारीच्या मोजणीइतकीच काटेकोरपणे झाली पाहिजे. विभागातील विद्यार्थ्यांना हे काम राधानगरीस मुक्काम ठेवून करता येण्याजोगे आहे. दाजीपूरच्या अभयारण्यात शिरावयाचे तर वनखात्याची परवानगी तेवढी घ्यावी लागेल.

शेवटी प्रश्न येतो तो वर्षाचा. बेंटच्या ठाण्यास १८४६ हे वर्ष एबर्टने दिले. राजापूरची वखार उभारावयाची ती कोणत्या सालची? १६४९ ची, म्हणजे आदिलशाहीच्या परवानगीवर चालणारी? १६६१ ची, जिची जमीन पुरलेल्या द्रव्याच्या शोधात खणून काढण्यात आली? की १६७५ ची? १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडनने तह केला, नुकसानभरपाईदाखल दहा हजार होन ठरले आणि त्यानंतर वखार पुन्हा उघडली. ह्या तिसऱ्या वखारीत बसणारा इंग्रज घाटाकडे पाहत असे तो छत्रपतींच्या मुलखाकडे, त्यांच्या परवानगीने.